सरांचा डावा कान

डोंगरे सर आज सकाळी गेले.
त्यांचा डावा कान मी फोडला होता.

चाळीस वर्षांत हे कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

८५-८६ असेल. मी बीएस्सीला. सर झुऑलॉजी शिकवायचे आणि नदीपलीकडे, सावरगावात, भाड्याने राहायचे. माशांच्या आवाजापायी वेडा माणूस.

टेंगरा मासा पाण्याबाहेर काढला की कटकट वाजतो. आम्ही तो खायचो. सर त्याचा मेंदू उघडून दाखवायचे.

"पोट्टेहो, मासा उगाच कटकट नाही करत. मेंदूच्या मागच्या टोकातून हुकूम सुटते, मंग पंखाचा काटा वाजते."

"आन् आयकते कसा, सर?"

"पोटातला हवेचा फुगा थरथरते. बारीक हाडं ते थरथर कानाले पोचवतात. कानातून मेंदूले."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड, त्यावर झेंडा. अलीकडे आम्ही पांढुर्णावाले, पलीकडे सावरगाव. झेंडा मिळेपर्यंत एकमेकांवर दगड.

त्या वर्षी शेजारच्या पोराचे दोन दात माझ्यासमोर पडले. एकाची भुवई फाटून लोंबत होती. तो जखमेत चंडीमातेचा अंगारा भरून पुन्हा दगड वेचत होता.

मला भीती वाटली नाही. मजा येत होती. खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात पलीकडून एक माणूस वाकून पाण्यात उतरला. हातात दोरी.

"झाड ओढून राहिला बे! मारा त्याले!" आमच्यातलं कुणीतरी ओरडलं.

मी गोफण फिरवली.

दगड कानावर बसला. त्याचं तोंड रक्तानं भरलं, तो गुडघ्यावर आला. मी पाण्यात धावत शिरलो आणि नाचलो. सावरगावचे लोक त्याला ओढत घेऊन गेले.

ते डोंगरे सर होते, हे मला संध्याकाळी कळलं.

दोरी नव्हतीच ती. माइकची वायर होती. सायकलच्या ट्यूबमध्ये माइक बांधून सरांनी पाण्यात सोडला होता. एवढ्या दगडांत मासे काय ऐकतात, ते त्यांना टेप करायचं होतं. वायर अडकली म्हणून सोडवायला उतरले होते.

महिन्याभराने सर प्रॅक्टिकलला आले. डोक्याला पट्टी, काखेत टेपरेकॉर्डर. डावा कान कायमचा गेला होता.

त्यांनी कॅसेट लावली. काठावर टेप चालूच राहिला होता.

धप्प. धप्प. धप्प. मग माइक पाण्याबाहेर आल्याचा खळखळाट. सरांची किंकाळी.

आणि अगदी जवळून, "लागला! म्या पाडला त्याले!"

माझा आवाज. असं काही ओरडल्याचं मला आठवतही नव्हतं.

एका मुलीनं विषय बदलावा म्हणून विचारलं, "सर, मासा सोताच्याच आवाजानं बहिरा नाही होत?"

"काही मासे आवाज काढतात तवा मेंदू कानालेही निरोप देते, जरा दबून राह्य. आवाज थांबला का कान पुन्हा जागेवर." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "प्रकाश, येवढा भाग पुसून टाक. त्यात माशाचा आवाज नाही."

रेकॉर्डचं बटण मीच दाबलं.

कुणी मारलं म्हणून गावात चौकशी झाली. सर म्हणाले, दिसलं नाही.

पुढे दर पोळ्याला मी त्यांच्या घरी जायचो. मुद्दाम डाव्या बाजूला बसायचो आणि हळूच म्हणायचो, "सर, तो दगड माझा होता."

सर चहा पीत राहायचे.

मग मी उठून उजवीकडे बसायचो. संत्र्याचा बहार, पोरांच्या नोकऱ्या, असलंच काहीतरी बोलायचो. एवढा भित्रा माणूस आहे मी.

आज त्यांना अंगणात ठेवलं होतं. मी आधी उजव्या बाजूला गेलो, वाकलो आणि तेच वाक्य मोठ्यानं म्हटलं. सगळ्यांनी ऐकलं.

सर, उशीर झाला. माफ करा.
या आता, सर.