ताईच्या गाडीला दिलेला रंग

आमच्या धंद्यात एक मूर्खपणा आहे आणि तो मी आयुष्यभर इमानेइतबारे केला आहे. आमगावात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातली पाण्याची मोटर जळते, मी तिच्यात नवी तार भरतो, आणि द्यायच्या आधी वरून हिरवा रंग फासतो. रंगाचा आणि दुरुस्तीचा काडीचा संबंध नाही. पण जुन्या रंगातली मोटर दिली की गिऱ्हाईक नाक मुरडतं, "काईच केलं नाही वाटते गा तुमी," म्हणतं. अशांपुढे डोकं कोण फोडणार? रंग मारायचा आणि मोकळं व्हायचं.

उन्हाळ्यात देवरीहून ताईचा फोन आला. ती माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. तिला काचबिंदू आहे, आणि आता फार दिवस दिसणार नाही, असं नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं.

"माही ते निळी गाडी हाये का रे अजून?" तिनं विचारलं. "दिसून राह्यलं तवर एक डाव पाहाची हाये."

गाडी म्हणजे खेळण्यातली. बदलीवर निघालेल्या रेल्वेच्या एका साहेबानं बाबांना दोन गाड्यांचा संच दिला होता. काळ्या पट्ट्या जोडून रस्ता करायचा, रस्त्यातल्या खाचेतून गाड्या हातातल्या बटणानं विजेवर पळवायच्या. निळी ताईची. लाल माझ्यासाठी ठेवलेली, पण मी खेळायच्या वयाचा होईस्तोवर संच बंद पडून पेटीत गेला होता.

पेटी उघडली आणि मला नादच लागला. फोनवर या गाड्यांच्या शौकिनांचा एक गट सापडला. काय ती मंडळी! एका स्क्रूवर तीन तीन दिवस चर्चा. मोटर मेली की परदेशातून नवी मागवायची, बसवायची, आणि आपण गाडी जिवंत केली म्हणून मिरवायचं. एक शहाणा तर "मूळ रंगाला हात लावू नका" असं उठसूट बजावत फिरायचा. याला गाडीवरचा मळसुद्धा पूज्य. मी त्याची मनसोक्त टिंगल केली.

मी बोराएवढी मोटर उघडून केसासारख्या तारेनं स्वतः भरली. चाकांचं रबर तडकलं होतं, तिथे सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून बसवले. रस्त्याच्या पट्ट्यांचा गंज काढला. निळी गाडी खाचेतून अशी सुटली की मी दुकानात एकटाच ओरडलो. मग सवयीनं हात पॉलिश पेपरकडे गेला. टपावर काहीतरी पांढरं खरडलेलं होतं, ते घासून काढलं आणि निळ्या रंगाचे दोन हात मारले. फोटो गटावर टाकला. कुणी चकार शब्द काढला नाही. जळाले लेकाचे, मी म्हटलं.

भाऊबीजेला ताई आली. ओवाळून झाल्यावर मी गाडी तिच्या हातात दिली. तिनं ती चष्म्याला भिडवली, खिडकीकडे वळवली, टपावरून अंगठा फिरवला.

"हे कोनाची?"

"तुहीच. नवी केली ना."

"कायले केली रे नवी? यावर बाबाच्या हातचा आकडा होता."

बाबा गोंदियाच्या यार्डात मालगाडीच्या डब्यांवर आकडे रंगवत. मी रांगत होतो तेव्हाच ते गेले. त्यांच्या हातचं एक अक्षर घरात नाही, हे मला माहीत होतं. गाडीवर होतं, हे माहीत नव्हतं. ताईला आधी विचारावं, एवढंही सुचलं नाही. कारागीर ना मी! जगाला हसत सुटलेल्या माझी त्या क्षणी मलाच किळस आली.

ताई चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं गाडी मांडीवर ठेवली.

"सात होता का नऊ, तेच मले आठवून नाही राह्यलं. म्हनून तं पाहाची होती. सांग ना, कोनता होता? शेवटचा तं तूच पायला."

मी पाहिलाच नव्हता. नुसता घासला होता.

"सात," मी ठोकून दिलं.

तिचा चेहरा खुलला. "सातच. मले वाटलंच," ती म्हणाली, आणि माझ्या नव्याकोऱ्या रंगावर बोटानं पुन्हा पुन्हा सात काढत बसली.