तलाठ्याचा भाव

"तुझा भाव मोबाइलवर येतो रं, माझा पोटातून येतो," असं बयाबाई दीपकला एकदा म्हणाली होती.

तो श्रावणातला शनिवार होता. घोटीचा आठवडे बाजार नेहमीसारखा भरला होता, पण दीपकच्या चिकनच्या दुकानासमोर कुत्रंसुद्धा थांबायला तयार नव्हतं. सकाळी व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर जिवंत कोंबडीचा दर आला, तो बघून दीपकनं दारातल्या फळ्यावरचा कालचा आकडा ओल्या फडक्यानं पुसला, त्याहून लहान आकडा लिहिला आणि खडू कानावर ठेवून तो पायरीवर बसला. हा दर कोण ठरवतं, कुठे बसून ठरवतं, हे त्याला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. नाशिकच्या कुठल्यातरी ऑफिसात कुणीतरी ढेकर देत असेल आणि इथे घोटीत किलोमागे आठ रुपये पडत असतील, असं त्याला वाटायचं. आखाडात दर झाडावर चढायचा, श्रावणात विहिरीत उतरायचा. नवरात्रात पुन्हा तेच. मार्गशीर्षातल्या गुरुवारी तर दुपारपर्यंत भवानी नाही. थंडी पडली की तेवढा अंड्यांचा शेकडा हसायला लागायचा. दीपकचं वर्ष पंचांगावर नव्हे, त्या फळ्यावर चालायचं.

पायरीच्या डाव्या हाताला बयाबाई बसायची. टाकेदच्या पुढच्या डोंगरातल्या वाडीवरून ती भल्या सकाळी काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसून यायची. बांबूच्या डालग्यात पाच-सहा गावरान कोंबड्या, एका पाटीत भाताच्या तुसात निजवलेली अंडी. तराजू नाही. गिऱ्हाइकानं बोट दाखवलं की ती कोंबडी दोन्ही पंखांत धरून उचलायची, क्षणभर डोळे मिटायची आणि किंमत सांगायची. दीपकचा दर पडला काय, चढला काय, तिच्या डोळे मिटण्यात काही फरक पडायचा नाही. गिऱ्हाईक कुरकुरलं की ती शेजारच्या दुकानाकडे हनुवटी करायची.

"सस्त्यातलं पाहिजे तं तिकडं जा. तिथली पोरं आयशिवाय वाढल्यात. यंत्रानं उबवल्यात बिचारी. त्यांना कोण भाव देणार?"

"मावशी, माझं गिऱ्हाईक तोडू नको," दीपक आतून ओरडायचा.

"तोडत नाय रं, तुझ्याकडंच धाडतीया!"

एवढा शेजार, पण त्या दुकानाची पायरी तिनं कधी चढली नव्हती. पांढऱ्या कोंबड्यांचे पिंजरे तिला बघवत नसत. चहासुद्धा ती बाहेरच घ्यायची.

डालग्यातल्या कोंबड्या विकण्यासाठी असत. डालग्याबाहेर, पायाला सुतळी बांधलेला एक कोंबडा असे, तो मात्र कशासाठी असे हे सांगणं कठीण. तांबडा, अंगावर दुसऱ्या रंगाचं एकही पीस नाही, उन्हात उभा राहिला की विस्तव ठेवल्यासारखा. मुंगसानं खुराडं फोडलं त्या पावसाळ्यात बाकीची पिल्लं गेली, हे एक उरलं. बयाबाईनं त्याला चुलीशेजारी, मांडीवर वाढवलं. त्याच साली तिचा नवरा झिपरू गेला. पहाटे खाकरून उठणारं, चुलीशी काटक्या मोडणारं माणूस घरातून नाहीसं झालं, आणि मग पहाटेचा आवाज म्हणजे हा कोंबडा एवढंच राहिलं. घरी एकटा ठेवला तर मुंगूस टपलेलं, म्हणून ती त्याला बाजारात आणायची. बाजारात त्यानं पहिल्याच दिवशी छाती काढून सगळ्यांच्या जागा पावलांनी मोजल्या. समोरचा सुकट-बोंबीलवाला केरू म्हणाला, "आला बघा तलाठी जमीन मोजायला!" तेव्हापासून तो तलाठी.

पण बाजारात आणलेल्या वस्तूला भाव सांगावा लागतो. "विकायचा नाही" असं बाजारात म्हणत नाहीत. बाकीचा माल बसून राहतो, असं जुनी माणसं मानतात. बयाबाईही मानायची. म्हणून कुणी विचारलं, "हा केवढ्याला?" तर ती डोळे मिटायची आणि कुणीच देणार नाही असा भाव सांगायची. पहिल्या शनिवारी तिनं एक बकरी सांगितली. पुढच्या शनिवारी बकरी आणि दोन करडं. मग भाताची गाडी. मग म्हैस.

त्या श्रावणातल्या शनिवारी, गिऱ्हाइकाविना बसून कंटाळलेल्या दीपकनं विचारलं होतं, "मावशी, सगळ्या जिल्ह्यात दर पडला. तुझा तलाठी कसा चढतो?" त्यावर ती ते पोटातून भाव येण्याचं म्हणाली होती. दीपकला ते इतकं आवडलं की त्यानं कानावरचा खडू काढून फळ्यावर आपल्या दराखाली लिहिलं, 'तलाठी – एक म्हैस, दुभती.'

माणसं थांबून वाचू लागली, हसू लागली, आणि थांबलेल्यातलं एखादं अर्धा किलो घेऊनही जाऊ लागलं. त्यानंतर दर शनिवारी बाजाराला तोच एक भाव आधी ऐकायचा असायचा. तांदळाचे आडते जाता जाता हाळी द्यायचे, "बयाबाई, आज कुठवर?" ती सांगायची, "आज मोटरसायकल. बटणवाली." दीपक लिहायचा. आयुष्यात पहिल्यांदाच तो असा भाव लिहीत होता जो सांगणारं माणूस त्याच्या समोर बसलेलं होतं.

आणि तो तलाठ्याला खायला घालायचा. कंपनीच्या पोत्यातलं गोळीखाद्य, पिवळट, खमंग वासाचं. बयाबाईची पाठ फिरली की दीपक पायरीवर मूठभर सांडायचा आणि तलाठी सुतळी ताणून यायचा.

"दीपक्या!" ती न बघताच ओरडायची. "तुझं ते कारखान्याचं खाणं घालू नको त्याला. जिभेची सवय मोडली त्याची. घरी तांदूळ टाकते तं तोंड फिरवतो मेला. नागली टाकली तं माझ्याकडं असा बघतो, जशी मीच सून आन तो सासरा."

"मावशी, लाडका आहे तो."

"लाडका हाय म्हणून तं सांगते. बिघडलेलं पोर नि बिघडलेला कोंबडा, दोन्ही बाजारात हसं करत्यात."

दीपक हो म्हणायचा आणि पुढच्या शनिवारी पुन्हा मूठ सांडायचा.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी तलाठ्याचा भाव ट्रॅक्टरपर्यंत पोचला होता. दीपकनं 'ट्रॅक्टर, ट्रॉलीसकट' असं लिहून खाली रेघ ओढली होती, आणि केरू "ट्रॉली कशाला, तलाठी चालत जाईल" म्हणत होता, तेवढ्यात एक गाडी बाजाराच्या तोंडाशी थांबली. निफाडकडची द्राक्षवाली माणसं. पुढे वत्सलाबाई, ठसठशीत कुंकू, हातात पितळी ताटली. मागे त्यांचा मुलगा सुनील, आईची पिशवी धरून, गर्दीला वैतागलेला. वत्सलाबाई सगळा बाजार फिरून आल्या होत्या. तलाठ्यापाशी येऊन त्या खाली बसल्या. त्यांनी त्याचा एक पंख उलगडून बघितला, मग दुसरा, मग मानेखालची पिसं बोटांनी फाकवली.

"एकरंगी आहे," त्या सुनीलला म्हणाल्या. आणि त्यांनी ताटलीतली सुपारी उचलून तलाठ्यापुढे ठेवली. "बाई, देवाचा आहे."

केरूचं हसणं तोंडातच राहिलं.

डोंगराकडच्या सगळ्या वाड्यांत हे चालत आलेलं. नवसाच्या कोंबड्यापुढे सुपारी ठेवली की विकणाऱ्यानं भाव सांगायचा नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. देतील ते कपाळाला लावून घ्यायचं. वत्सलाबाईंचं माहेर त्याच डोंगरातलं. त्यांना हे ठाऊक होतं, आणि त्यांना ते ठाऊक आहे हे बयाबाईला दिसत होतं.

"म्हसोबाला बोलले होते," वत्सलाबाई आनंदानं सांगत होत्या. "तिसऱ्या विहिरीला पाणी लागू दे, तांबडा कोंबडा देईन. असं लागलं बाई, मोटार कमी पडतीया! बाजारात आणलाय म्हणजे विकायचाच आहे ना हा?"

बयाबाईनं फळ्याकडे बघितलं. तिथे भाव लिहिलेला होता. एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलेला भाव, आता त्याला विकायचा नाही कोण म्हणणार?

"हाय," ती म्हणाली.

दीपक पायरीवरून उठला. त्याच्या मनात आलं, म्हणावं याच्या शेपटीत एक पांढरं पीस होतं, कालच गळलं. म्हणावं आजारी आहे. तोंड उघडलंसुद्धा त्यानं. बयाबाईनं त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो पुन्हा पायरीवर बसला. देवाशी लबाडी तिच्या जागेवर होणार नव्हती. तिनं सुतळी सोडली. सोडताना तिची बोटं गाठीवर जरा जास्त वेळ रेंगाळली, एवढंच.

दीपकला फळ्यावरची आपलीच अक्षरं नकोशी झाली. गंमत म्हणून लिहिलेलं किती सहज खरं होतं.

"कौल घ्या," बयाबाई वत्सलाबाईंना म्हणाली. तीही रीत होती. कोंबड्यापुढे तांदूळ टाकायचे. त्यानं टिपले तर देवाला पसंत. बाजारातल्या कोंबड्या उपाशीच आलेल्या असतात, त्यामुळे देवाला बहुतेक सगळं पसंतच पडतं.

वत्सलाबाईंनी हळदीचे तांदूळ तलाठ्यापुढे टाकले. बयाबाईनं डोळे मिटले, किंमत सांगताना मिटायची तसे.

तलाठ्यानं एका डोळ्यानं तांदळाकडे बघितलं. मान वळवून दुसऱ्या डोळ्यानं बघितलं. एक पाय उचलला, आणि तो तांदूळ ओलांडून पुढे चालू लागला.

"पुन्हा टाका," कुणीतरी म्हणालं. "तीनदा टाकायचं असतं."

वत्सलाबाईंनी पुन्हा टाकले, आता थेट चोचीखाली. तलाठ्यानं पायानं उकरून ते मागे उडवले. दोन-चार सुनीलच्या बुटावर पडले. तिसऱ्यांदा टाकले तेव्हा त्यानं त्यांच्याकडे बघितलंही नाही. छाती काढून, एकेक पाऊल मोजत तो दीपकच्या पायरीपाशी गेला आणि सकाळची सांडलेली गोळी फटीतून वेचून वेचून खाऊ लागला, टक टक टक, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी.

केरूला राहवलं नाही.

"तलाठ्याला तांदूळ नाय चालत, बाई! त्याला पाकीट लागतं!"

बाजार असा हसला की पलीकडच्या भाजीवाल्या उठून बघायला आल्या. सुनील हसला. वत्सलाबाईंनी आधी पदर तोंडाला लावला, मग त्यांनाही आवरेना. "अगं बाई, देवाला नको म्हणजे नको!" त्या म्हणाल्या. "असला मिजासखोर म्हसोबा तरी कशाला घेईल?"

बयाबाई तेवढी हसली नव्हती. तिचे डोळे अजून मिटलेले होते आणि कुणीतरी हलवून सांगेपर्यंत तिनं ते उघडले नाहीत. उघडले तेव्हा आधी तिनं पायरीकडे बघितलं. मग डालग्याच्या तळाशी हात घालून दुसरा तांबडा कोंबडा काढला, तोही एकरंगी, तरणा, भुकेला. त्यानं तांदूळ जमिनीवर पडायच्या आत झेलले. वत्सलाबाईंनी दिलं ते तिनं न बघता कपाळाला लावून कनवटीला खोचलं. गाडी गेली.

उन्हं उतरली. बाजार उठू लागला. केरूनं सुकटीवर पोतं टाकलं. दीपक आत पिंजरे धूत होता, तेव्हा दारात सावली पडली. त्यानं वर बघितलं. बयाबाई पायरी चढून आत आली होती.

ती पिंजऱ्यांपाशी थांबली. पांढऱ्या कोंबड्यांनी माना वाकड्या करून तिच्याकडे बघितलं. एका गजातून तिनं बोट आत घातलं आणि एकीच्या डोक्यावरून फिरवलं, माहेरवाशिणीच्या फिरवावं तसं. मग ती कोपऱ्यातल्या खाद्याच्या पोत्याकडे वळली. मूठभर गोळी नाकाशी धरली. नाक मुरडलं. आणि ती ओंजळीमागून ओंजळ पदरात भरून घेऊ लागली. पदर जड झाल्यावर तिनं त्याला गाठ मारली आणि तुसाचे कण चिकटलेली चार अंडी दीपकच्या गल्ल्याशेजारी एकेक करून ठेवली, घरंगळणार नाहीत अशी.

"मावशी," दीपक म्हणाला. त्याला हसू येत होतं. "पुढच्या शनिवारी तलाठ्याचा भाव काय लिहू?"

बयाबाई फळ्यापाशी गेली. वरच्या आकड्याला तिनं हात लावला नाही. तो दीपकचा होता, नाशिकहून आलेला. खालची ओळ, ट्रॅक्टर, ट्रॉली, रेघ आणि सगळं, तिनं पदराच्या मोकळ्या टोकानं स्वच्छ पुसली. पुन्हा एकदा पुसली. पदराचा खडू झटकला, बाहेर सुतळीशिवाय उभ्या असलेल्या तलाठ्याला काखेत घेतलं, आणि जीपच्या दिशेनं चालू लागली.