सज्ज्याखालचा फलक

नवी पेठेत खरेदीला निघाले की माझ्या यादीत पहिलं नाव त्या चादरींच्या दुकानाचं असतं. तिथला विक्रेता घडी उलगडण्याआधी विचारतो, “ताई, पांघरायला, का पाव्हण्यांस्नी दाखवायला?” उत्तरावरून तो ढीग निवडतो.

परवा मालक नवा फलक दुकानाच्या जुन्या कोरीव लाकडी सज्ज्यावर ठोकायला निघाले. या विक्रेत्यानं शिडीच धरून ठेवली.

“मालक, सज्जा झाकू नका की. गावाकडची माणसं त्याच्याच खुणंनं दुकान हुडकत्यात.”

“मग फलक काय तुझ्या डोक्यावर लावू?”

“लावा की. दारावर लावा.”

फलक दारावर लागला, थोडा चौकटीत खाली उतरलेला. विक्रेता चांगला उंच आहे. आता दिवसभर वाकून आत-बाहेर करतो, आणि बाहेर आला की कंबर सरळ करत एकदा वर सज्ज्याकडे बघून घेतो.