गोळीवाला बीपी

बीपी तपासायला जायचं त्या सकाळी गोळी घ्यायची नाही, असा आमच्या अकोल्याच्या घरात आईचा नियम होता. "गोळी खाऊन मोजला तं तो गोळीवाला बीपी झाला. मायावाला कसा दिसन?" असं ती म्हणायची, आणि मी, शाळेत विज्ञान शिकवणारी बाई, ते मानायचे. दवाखान्यात आकडा भलताच वर निघायचा. परत येताना ऑटोत आई माझ्याकडे न बघता म्हणायची, "टेन्शन असन. दुसरं काय?"

टेन्शन म्हणजे मी.

मला सगळे अबोल समजतात. मी अबोल नव्हते, घाबरत होते. दूर जंगलातल्या सेमाडोहला आश्रमशाळेत जागा निघाली तेव्हा मी तिशीत होते. जायचंच होतं मला. त्यावरून आईशी एकदाच, फक्त एकदाच मोठ्यानं बोलले. दुसऱ्या दिवशी तिची तपासणी होती. आकडा ऐकला आणि घरी येऊन नकार कळवला. आपल्या आवाजानं आईची नस फुटेल, ही भीती तेव्हापासून अंगात बसली. लग्नाचं बोलणंही असंच मोडलं. त्याबद्दल लिहिणं अजून जमत नाही.

गेल्या वर्षी मलाही बीपी निघाला. शाळेत कुणाला सांगितलं नाही. "एवढ्यातच?" म्हणून कीव करतात, वर "एकदा गोळी लागली की सुटत नाही बरं" हेही ऐकवतात. प्रशिक्षणासाठी अमरावतीला गेले होते, तेव्हा तिथल्या एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. घरच्या नियमाप्रमाणे गोळी न घेता.

"सकाळची गोळी?"

"नाही घेतली. तपासायचं होतं ना."

त्या हसायलाच लागल्या. "छत्री मिटवून पाहता का मॅडम, भिजतो की नाही ते? गोळी काम करते का, हेच तर मला बघायचंय!"

बडनेरा मागे पडलं तरी मी परतीच्या बसमध्ये आईचाच विचार करत होते. बिचारीचे इतक्या वर्षांचे आकडे चुकीचे. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या असतील, त्यांनी काही झालं तर? राग नव्हता, काळजी होती.

आई मेथी निवडत बसली होती. मी म्हटलं, "आई, आपण चुकून राहिलो होतो वं. गोळी घेऊनच मोजायचा असते."

तिनं मान वर केली नाही. "मले माईत हाय. डॉक्टरनं कवाचंच सांगतलं होतं."

"कवा?"

"तुये बाबा होते तवा."

बाबा सेमाडोहच्या गोष्टीआधीच गेले होते.

"मंग काहून नाही घेतली?"

"बाकीच्या दिवशी घेतच होती ना! नेमानं घेतली. मीठ सोडलं, लोणचं सोडलं. मले काय मरायचं होतं?" काडी मोडून तिनं बाजूला टाकली. "आकडा चांगला आला असता तं तू थांबली असती?"

आजारानं मला अडवलं असतं तर मी सोसलं असतं. पण तिनं स्वतःला इतकं नीट जपलं होतं, आणि तपासणीची सकाळ तेवढी माझ्यासाठी राखून ठेवली होती.

त्यानंतर मी माझ्याच गोळ्या बंद केल्या. कुणाला कळतं ते बघायचं होतं. कुणालाच कळलं नाही. डोकं ठणकायला लागलं तेव्हा मुकाट्यानं पुन्हा सुरू केल्या.

यंदा मी सेमाडोहसाठी बदली मागितली. मिळाली. भाऊ-वहिनी वरच्याच मजल्यावर राहतात, आई एकटी पडणार नव्हती. तरी तिनं पदर कपाळाला लावला. "माया बीपी वाढून राहिला वं."

मी घरचं मशीन आणलं. तिनं गोळी घेतली होती, मी पाहिलं होतं. दंडाला पट्टा बांधला. आकडा चांगला आला.

"मशीन बिघडलं तुयं."

"बिघडलं नाही, आई. मी जाऊन राहिली."

तिनं दुसऱ्या हातानं पट्टा ओढायला घेतला. तो सुटेना. मी समोरच बसले होते. हात पुढे केला नाही.