बिनमडगार्डाची सायकल

चिमूरकडच्या काळ्या मातीच्या वाटेवर पावसाळाभर एक दूधवाला रोज माझ्या सायकलीपुढे असायचा. त्याच्या सायकलला मडगार्ड नव्हते, त्यामुळे मागच्या चाकाचा सगळा चिखल माझ्या साडीवर. अरुंद वाटेवर पुढेही जाता यायचं नाही. अंगणवाडीत पोचेपर्यंत मी शिव्या गिळत राहायची.

एकदा मी ओरडलेच, "भाऊ, मडगार्ड काऊन नाई लावत?"

त्यानं नुसती मान डोलावली.

परवा तीच चिकट माती माझ्या मडगार्डात ठासली आणि चाक जागीच अडकलं. तो उतरला, पान्यानं दोन्ही मडगार्ड काढून माझ्या हातात दिले.

"लावजा बाई दिवाळीनंतर, माती वाळली का."

आता माझ्या मागून शाळेचे गुरुजी येतात. काल तेही ओरडले. मी नुसती मान डोलावली.