बेटाच्या कुठल्या अंगाला

माझ्या बाबांनी पस्तीस वर्षं माण तालुक्यातल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवला. मी त्याच शाळेत होतो, त्यामुळे त्यांचा भूगोल मला वर्गात आणि घरी असा दोनदा ऐकावा लागे, आणि दोन्ही वेळा मी तो या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देत असे. पुढे इंजिनिअर झालो, जर्मनीत आलो, गेर्लिंगेनमध्ये ब्रेकच्या चाचण्या करायला लागलो, तेव्हा तर मला वाटायला लागलं की आता बाबांनी माझं ऐकावं. हा माज माझ्या अंगात होता हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल.

२०१३च्या जानेवारीत मी उन्हाळ्याच्या सुट्टीचं ठरवायला बसलो. इथे तसंच करतात. नवं वर्ष लागलं की ऑफिसातला प्रत्येक जण आपला उरलाउब, म्हणजे रजा, तक्त्यात भरतो आणि बाहेर बर्फ पडत असताना जुलैतला समुद्र पक्का करून ठेवतो. आई-बाबा एप्रिलमध्ये तीन महिन्यांच्या व्हिसावर येणार होते. परतायच्या आधी त्यांना आठवडाभर ग्रीसमधल्या ऱ्होड्स बेटावर न्यायचं मी ठरवलं आणि एक्सेल उघडलं. बाबांच्या गुडघ्यांसाठी विमानतळापासूनचं अंतर, आईसाठी शाकाहारी जेवण, मुलीसाठी घसरगुंडी, असे नऊ रकाने केले. हवामानाचा रकाना एकच होता. त्यात जुलैतलं सरासरी तापमान होतं आणि पावसाचे दिवस शून्य. कामावर मी सरासरीला थारा देत नाही, कारण सरासरीने लागणारा ब्रेक कुणाच्या कामाचा नाही. सुट्टीला मात्र ती मला चालली.

फोनवर बाबांना हॉटेलचं कौतुक सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “हॉटेल बेटाच्या कुठल्या अंगाला आहे?”

मी म्हणालो, “बाबा, बेट आहे ते. सगळ्या अंगांना समुद्रच असतो.”

ते पुढे काहीतरी सांगत होते. सातारा जिल्हा एकच, पण त्यात महाबळेश्वरही आहे आणि आपलं म्हसवडही आहे, मध्ये डोंगर आला की दोन बाजूंचं वेगवेगळं होतं, वगैरे. माझं लक्ष माझ्याच विनोदावर होतं. दुसऱ्या दिवशी तो मी ऑफिसातही सांगितला.

एप्रिलमध्ये ते आले. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती आणि गावातल्या हालेनबाडमध्ये, म्हणजे छपराखालच्या तलावात, पोहायला शिकत होती. आई तिला घेऊन जायची आणि कडेच्या बाकावर बसून राहायची. पाण्याच्या कडेला बसायची तिला सवयच होती. तिच्या माहेरी, विहिरीला पाणी असेल त्या वर्षी, भावांच्या पाठीला वाळका भोपळा बांधून त्यांना खुशाल आत ढकलून देत. चार दिवसांत पोरं पोहायला लागत. आईला कुणी भोपळा बांधला नाही. ती वर बसून चौघांचे कपडे राखायची.

एका गुरुवारी नातीने विचारलं, अर्थात जर्मनमध्येच, की आजी आत का येत नाही. तिच्या हातवाऱ्यांवरून प्रश्न आईला कळला. पुढच्या गुरुवारी ती सलवार-कमीज घालूनच पायऱ्या उतरली. तिथल्या बाडेमायस्टरने, म्हणजे तलावावर देखरेख करणाऱ्या माणसाने, तिला अदबीने पण ठामपणे परत वर पाठवलं. सुती कपडे चालत नाहीत, असा नियम होता. मला वाटलं, संपलं. पण माझ्या बायकोने दोन दिवसांत कोपरापर्यंत बाह्या आणि गुडघ्यापर्यंत पाय असलेला गडद निळा पोहण्याचा पोशाख मागवला, आणि त्रेसष्टाव्या वर्षी माझी आई टॉवेल गुंडाळून, मान खाली घालून, कमरेएवढ्या पाण्यात गेली.

महिन्याभरात ती उताणी तरंगायला लागली. पाठीखाली फोमची जाड नळी धरायची. “हा भोपळाच की,” असं पहिल्याच दिवशी म्हणाली होती. पण ती नळी काही तिच्या हातून सुटेना. सोडली की पाय खाली, नाकात पाणी, आणि पुढचा अर्धा तास ठसका. बाबांनी तिला समजावलं की हे गोडं पाणी आहे, समुद्राचं खारं पाणी जड असतं, त्यात माणूस आपोआप वर राहतो. हे तिने मनात पक्कं धरलं. ग्रीसच्या समुद्रात नळीशिवाय पडून बघायचं. तीन महिन्यांत तिने पॅरिस मागितलं नाही, राजवाडे मागितले नाहीत, मागितलं ते एवढंच, आणि तेही सुनेजवळ. बायकोने त्याच दिवशी मला सांगितलं. म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मे महिन्यात बाबांनी नातीचा नकाशा टेबलावर पसरला. हॉटेल पश्चिमेला आहे, म्हणाले, आणि तिकडे उन्हाळाभर वारा वायव्येकडून येतो. पूर्वेकडचं हॉटेल बघ, मधल्या डोंगरामुळे त्या बाजूचं पाणी शांत असणार. उमबुखुंग, म्हणजे बुकिंग बदलणं, शक्य होतं. एक फोन करायचा होता. मी केला नाही. विमानतळ लांब पडेल, असं कारण दिलं. खरं कारण असं होतं की सूचना बाबांची होती.

जुलैत उतरलो तेव्हा विमानाच्या शिडीवरच वाऱ्याने बाबांची टोपी नेली. हॉटेलात टेबलक्लॉथला चारी कोपऱ्यांना चिमटे होते. समोर लाटा एकामागून एक येऊन गोट्यांच्या किनाऱ्यावर आपटत होत्या, आणि गोट्यांत रोवलेल्या खांबावर लाल झेंडा, म्हणजे पोहायला मनाई. पतंगांच्या दोऱ्या धरून लाटांवर उड्या मारणारी जर्मन पोरं मात्र भलतीच खूश होती. त्यांनी ही बाजू मुद्दाम निवडली होती. वेटर ओरडून बोलत, उत्तराची वाट न बघता निघून जात. आधी मला ते उद्धट वाटले. तिसऱ्या दिवशी आम्हीही तसेच ओरडत होतो, आणि वारा नसलेल्या खोलीत आल्यावरही आवाज खाली येत नव्हता.

रोज सकाळी आई तो निळा पोशाख पिशवीत घालून खाली यायची, झेंड्याकडे बघायची आणि नातीला घेऊन हॉटेलच्या तलावाकडे जायची. त्या तलावात घसरगुंडीखाली इतकी गर्दी होती की पडायला जागा नव्हती. मी रोज सांगायचो, उद्या वारा पडेल, मोबाइलवर दाखवतंय. बाबा भाकरीचा तुकडा मोडावा तसा पाव मोडत आणि समुद्राकडे बघत. त्यांच्या त्या गप्प बसण्याने माझ्या नाकाला जेवढ्या मिरच्या झोंबल्या तेवढ्या बोलण्यानेही झोंबल्या नसत्या.

पाचव्या दिवशी गाडी भाड्याने घेतली. संध्याकाळी सातला परत करायची होती. डोंगरातली गावं बघू, म्हणालो. पूर्वेला जाऊ, हे शब्द मी उच्चारले नाहीत, पण मनात तसंच होतं. गपचूप न्यायचं, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर आपलं आपण निघालो असं दाखवायचं. रस्ता चढत गेला तसा वारा पातळ झाला, पाइनची झाडं आली, खिडकीतून थंडावा आला. मुलगी झोपली. एका गावात कॉफीला थांबलो. तिथल्या म्हाताऱ्याने मुलीशी चाललेलं आमचं जर्मन ऐकलं आणि स्वतःची खुर्ची घेऊन आमच्या टेबलाशी येऊन बसला. तरुणपणी अठरा वर्षं श्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात होता. आमच्याकडचे शेजारी बोलतात तसंच, शब्दांची शेपटी तोडलेलं जर्मन बोलत होता.

त्याने आम्हाला बेट समजावून सांगितलं. पश्चिमेकडची माणसं तापट, कारण जन्मभर कानात वारा. पूर्वेकडची आळशी, त्यांच्या लाटांनासुद्धा घाई नाही. आम्ही डोंगरातले, ज्या बाजूचं वारं येईल तसे. मी हे बाबांना मराठीत सांगत होतो आणि बाबा मान डोलवत होते, जणू शाळा तपासायला आलेल्या माणसाने वर्गात त्यांचीच बाजू घेतली होती. मग खालच्या समुद्राकडे बघत असलेल्या आईकडे मान करून म्हातारा म्हणाला, हिला घेऊन खाली जा. या रस्त्याने अर्धा तास. आज तिकडे पाणी तेलासारखं आहे.

त्याच्या अंगणाच्या टोकाला उभं राहिलं की दोन्ही समुद्र दिसत. एकीकडे पांढऱ्या रेघांनी फाटलेला, दुसरीकडे परातीत ठेवलेल्या पाण्यासारखा. आई त्या दुसऱ्या बाजूला तोंड करून उभी होती. साडेतीन वाजले होते. अर्धा तास खाली, तासभर पाण्यात, सव्वा तास परत. सव्वासहा. मी गाडीची किल्ली काढली.

तेवढ्यात बाबा म्हणाले, “मी जानेवारीत काय विचारलं होतं?”

एवढंच. हसत म्हणाले. पाच दिवस मूग गिळून बसलेल्या माणसाचा एवढा तरी हक्क होता. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणालो, गाडी सातला द्यायची आहे, उशीर करून चालणार नाही, सगळ्यांनी बसा. बाबांचा चेहरा पडला, मग त्यांचाही आवाज चढला, आणि त्या अंगणात आम्ही दोघं बापलेक एका तिऱ्हाइतासमोर मराठीत भांडलो. म्हातारा कपबशा उचलून आत गेला. बायको आईकडे बघत होती. आई मध्ये पडली.

“जाऊ द्या हो,” ती बाबांना म्हणाली. “पोर पण दमलीय. चला.”

मी गाडी पश्चिमेला वळवली. हॉटेलवर पोचलो तेव्हा सव्वाचार वाजले होते. सातपर्यंत गाडी तशीच उन्हात उभी होती. उरलेले दोन्ही दिवस लाल झेंडा होता.

आमच्या घरात बाबा आणि मी दोघंही बरसणारे. भांडण असो की प्रेम, आमचं आम्ही एकमेकांवर ओतून मोकळे होतो. आई डोंगरापलीकडे. तिच्यापर्यंत पोचायच्या आत सगळं संपलेलं असतं. पर्जन्यछायेचा प्रदेश हा शब्द मी बाबांच्याच वर्गात पाठ केला होता, मार्कही मिळवले होते. तो कुठे लावायचा हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

विमानतळावर निरोप देताना मी आईला म्हणालो, पुढच्या वर्षी नक्की पूर्वेला. ती म्हणाली, बघू. त्या डिसेंबरात साताऱ्यात तिला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, डावी बाजू गेली. परत ती कधी विमानात बसली नाही. पोशाख आमच्याकडेच राहिला होता. बायकोने तो धुऊन कपाटाच्या वरच्या खणात ठेवला, आणि मी त्या खणात माझे कपडे ठेवणं बंद केलं.

२०१८ साली आम्ही तिघं पुन्हा ऱ्होड्सला गेलो, पूर्वेला. मुलगी अकरा वर्षांची झाली होती. वारा नव्हता. दुकानदार दुपारी दार उघडं टाकून झोपत, आणि आम्हीसुद्धा एकमेकांशी हळू बोलायला लागलो. म्हाताऱ्याच्या गावी जावंसं वाटलं, पण तोंड दाखवायचा धीर झाला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुडघाभर पाण्यात उभं राहून मी साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी फोन आईसमोर धरला. ती व्हीलचेअरमध्ये होती, बोलताना शब्द जरा घसरत, पण सगळं कळत होतं. मी मोबाइल फिरवून सपाट समुद्र दाखवला. ती पुढे वाकली.

“हाच ना, त्या दिवशी वरनं दिसला होता?”

“हाच.”

“मी तेव्हा आतनंच घालून आले होते,” ती म्हणाली. “निळं ते. म्हटलं, तुम्ही थांबलात तर कपडे बदलायला वेळ नको जायला.”

मला आठवलं. त्या दिवशी परतीच्या वाटेवर, तसा थंडावा असताना, तिचा चेहरा घामाने भिजला होता. मी आरशातून पाहिलं होतं आणि खिडकी उघड म्हणालो होतो. बाबांनी फोन दुसऱ्या हातात घेतला असावा, पडद्यावर क्षणभर छत आणि पंखा दिसला. मी मोबाइल परत स्वतःकडे वळवला, तोवर पुन्हा आईचा चेहरा आला. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या मागच्या पाण्याकडे बघत होती.

“तू पडून बघितलंस का रे?” तिने विचारलं. “धरतं का?”

मी काल बघितलं होतं. हातपाय सोडून, काहीही न धरता.

“धरतं, आई,” मी म्हणालो.