तळ्यावर जय भीम म्हननारी भोजली

मी हे लिहिनारच नव्हती. दोनदा टाईप केलं, दोनदा मिटवलं, कारन आत्यानं सांगतलं होतं का आमची गोष्ट मोबाईलवर टाकायची नाही. पन आता दुसरा रस्ताच नाही राहिला. भराभरा लिहून राहिली, चुका निघाल्या तं समजून घ्या.

माही आत्या सत्यशीला. भिलाईच्या सेक्टर 2 मध्ये आमच्याच क्वार्टरात राहते. तिचा नवरा गेला तवापासून ब्लाउज शिवून तिनं आपलं आपलं भागवलं. सेक्टरातल्या बायांच्या बाह्यांचं माप तिले तोंडपाठ. आता तिले काला मोतिया, मतलब काचबिंदू झाला. डावा डोळा गेलाच, उजव्यातून नळीतून पाहावं तेवढंच दिसते, अन् ती नळी बारीक होऊन राहिली. डॉक्टर म्हनते, गेलेली नजर वापस येत नाही. सुईत दोरा आता मी ओवून देते.

राखीच्या सुट्टीत मले कुठंतरी फिरायले जायचं होतं. आमचे भिलाईवाले सुट्टी भेटली का मैत्रीबागचं झू, नाही तं सीधा रायपूरचा मॉल. मले कोनी न पाह्यलेली जागा पायजे होती. अहिवाऱ्याकडे एका जुन्या खदानीत पानी साचून एकदम निळं तळं झालं, असं ऐकलं होतं. राखीच्या दुसऱ्या दिवशी स्कूटीची चाबी घेतली, तं आत्या चप्पल घालून दारात उभी.

"अहिवाऱ्याले जाऊन राहिली न? मले बी ने."

"तुले काय दिसनार हाय तिथं?" मी बोलून गेली.

"म्हनूनच ने," ती म्हने. "माह्या भोजलीचं तोंड पाहाचं हाय. दिसते तोवर."

भोजली मतलब काय ते सांगते. आत्या लहान होती तवा माहे आजोबा अहिवाऱ्याकडे चुन्याच्या दगडाच्या खदानीत कामाले होते. बाजूले एक छत्तीसगढी घर. तिकडे पोरी टोपलीत गहू पेरून अंधारात ठेवतात, पिवळे पिवळे कोंब येतात, त्यालेच भोजली म्हनतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी टोपल्या तळ्यात शिरवतात, मतलब विसर्जन करतात. मग दोघी मैत्रिनी ते कोंब एकमेकींच्या कानामागं खोचतात, अन् जन्मभराच्या भोजली होतात. त्या दिवसापासून एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. कधीच नाही. तिच्या मायले फूलदाई म्हनायचं, बापाले फूलददा. आत्या अन् त्या बाजूच्या घरची पोरगी अशाच भोजली झाल्या.

आमच्या घरचं पानी तवा त्या वस्तीत कोनी पेत नव्हतं. फूलदाई आली, ओट्यावर बसली, माह्या आजीच्या हातचा चहा पिऊन गेली. भोजलीच्या घरचं नाही म्हनता येत नाही न.

आत्याची भोजली भेटली का म्हने, "सीताराम भोजली." आत्या म्हने, "जय भीम भोजली." लग्नं झाली, तरी अहिवाऱ्याच्या बाजारात दोघी भेटत. लॉकडाऊनमधी बाजार बंद पडला अन् भेट बी. एकीपाशी दुसरीचा नंबर नाही.

स्कूटीवर मी विचारलं, "नाव काय तिचं?"

"नाही घेत."

"मंग लिहून दे."

"लिहनं काय न बोलनं काय."

"तिच्या बापाचं तं सांग."

"फूलददा."

मी गाडी थांबवली. "आत्या, बाईचं नाव नाही, बापाचं नाव नाही. शोधू कशी, वासानं?"

"गाडी चालव. ऊन लागून राहिलं."

तिले एवढंच माहीत होतं का भोजलीले खपरीडीहले देलं होतं. निळं तळं रस्त्यातच लागलं. मी थांबली बी नाही. खपरीडीहले विचारत विचारत घर शोधलं, कारन आत्याले भोजलीनं सांगतलेला दारापुढचा कडुलिंब आठवत होता. दाराले कुलूप. कुलपाले गंज.

गावातले सारे तळ्यावर होते, भोजलीचाच दिवस होता. आत्या माह्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरली अन् जोरात म्हने, "जय भीम भोजली."

त्या तळ्यावर जितक्या भोजली होत्या, साऱ्याच्या साऱ्या वळल्या. काही हसल्या. मग मनकर्णा नावाची एक बुढी गर्दीतून आली, आत्याची हनुवटी धरून तोंड पाह्यलं अन् म्हने, "तैं हस का ओ, जय भीम वाली?" मतलब, तूच का ती.

तिनं सांगतलं का भोजली अहिवाऱ्याहून आलेली सून, म्हनून गावात तिले अहिवारहिन म्हनतात. दर साली साऱ्या घरी गेल्या का ती एकटी पान्याजवळ थांबायची अन् पान्याले म्हनायची, "जय भीम भोजली." बाया चिडवायच्या, हा कोनता नवा देव काढला वो? ती म्हने, माह्या भोजलीचा. औंदा ती आली नाही. पायानं चालनं बंद झालं, पोरगा अतुल घेऊन गेला तिले. भिलाईले. स्मृति नगरले.

स्मृति नगर. आमच्या घरून ऑटो जातात.

आत्या पायरीवर बसली. "मी अहिवाऱ्याकडं तोंड करून बसली होती," ती म्हने, "अन् ती माह्या पाठीमागं."

आत्या पाय धुवून राहिली तवा मी मनकर्णाबाईले हळूच नाव विचारून घेतलं. वाटलं, झालं काम. काहीच नाही झालं. कॉलेज सुटलं का मी स्मृति नगरच्या गल्ल्या फिरते. चौकीदार म्हनते, "बुजुर्गों का नाम कौन जानता है मैडम, मकान नंबर बोलो." अतुल दोन भेटले, दोन्ही दुसरेच. इतवारी आत्या बी येते, गेटापुढं उभी राहून "जय भीम भोजली" म्हनते. आतून कुत्रे भुकतात. एका बाईनं गेट न उघडताच सांगतलं, चंदा बाद में.

काल दुपारी आत्या मशीनवर बसली होती. मले म्हने, "लाइट गेली का वं?"

लाइट चालू होती. मी म्हनलं, "हो, येईन आता." अन् मोरीत जाऊन रडली.

म्हनून हे लिहिलं. नाव मी इथं टाकत नाही, आत्याचं तेवढं मन राखते. नावानं ती भेटत बी नाही. पन तुमी स्मृति नगरात राहत असान, नाही तं तुमचं कोनी राहत असन, तं शेजारच्या घरात मागच्या खोलीत पलंगावर एखादी बुढी छत्तीसगढी बाई हाय का पाहा. नाव विचारू नका. जवळ जाऊन फक्त "जय भीम भोजली" म्हना. जी "सीताराम भोजली" म्हनन, ती आमची.

आमाले मंग बोलवा. पयले तिच्यापाशी बसा थोडं, सांगा का तुही भोजली तुले शोधून राहिली. पन लवकर जा. आज जमत असन तं आजच.